तीन पावसाळ्यांचा बांबू

११ जून
पुणे. केमो नं. ४. सुमनला साडेदहाला आत घेतलं, तीनला बाहेर आली. आल्या आल्या औषधाबद्दल एक अक्षर नाही. म्हणाली, "अवो, दवाखान्याच्या बागेत काळा बांबू हाय. काळा म्हंजी काळाच. आन एक पिवळा, हिरव्या रेघांचा. चला बघा." गेलो, बघितला. बत्तीस वर्षं एसटी चालवली, गावोगावचा बांबू बघितला, काळा कधी दिसला नव्हता.
परतीच्या वाटेवरही तेच. "माहेरी वेल्ह्याला सगळा हिरवा कळक, हितं उत्रोलीत सगळा हिरवा भात. डोळं इटलं हिरवं बघून. आपल्या दाराम्होरं रंगाचा लावू." लावू म्हणलं. आजार कळल्यापासून पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं.

१६ जून
चुलतभाऊ तात्या आले होते. बांबूचं कानावर गेलेलं. "घरात आजारी माणूस आन दारात कळक? तिरडीचं सामान लावतोस व्हय रं?" डोकं असं तापलं. तोंड उघडणार तोवर खाटेवरून सु. च बोलली, "तात्या, तुमच्या लेकीच्या मांडवाला काय सागवान लावला व्हता का?" तात्यांनी टोपी सारखी केली. चहा मात्र पिऊन गेले.
हातापायांत त्राण नाही, जीभ शाबूत आहे. बरं वाटलं.

१९ जून
सारोळ्याची नर्सरी. एकटाच गेलो, तिला उठवत नव्हतं. मालक निवांत माणूस. काळा दाखवा म्हणलं तर हिरवीगार काडी समोर. फसवता काय, म्हणलं. हसला. "काका, काळा बी जन्माला हिरवाच येतो. मग डाग पडत पडत काळा. चांगला रंग चढायला तीन पावसाळं धरा. घाई आसंल तर पिवळा न्या, त्यो आजपास्नं पिवळा."
तीन पावसाळे. डॉक्टर मला बाजूला घेऊन काय म्हणाले होते ते आठवलं. वर्षभराच्या पुढचं आत्ताच विचारू नका.
पिवळा घेतला. दोन रोपं, पुरुषभर उंच.

२० जून
लावला. पिवळाधमक. सु. ओट्यावर बसून बघत होती. छान हाय म्हणाली. मग, "काळा न्हवता?" संपला होता म्हणलं. डेपोत साहेबासमोर लेट झाल्याची कारणं लई सांगितली, पण हे खोटं सांगताना रोपाकडंच बघत राहिलो.

२ जुलै
केमो नं. ५. मी गोळ्या आणायला गेलो तेवढ्यात हिनं तिथल्या माळ्याला गाठलं. येताना खेड शिवापूर मागं पडलं. मग, "काळा व्हायाला तीन वरसं लागत्यात म्हनं." मी समोर बघत गाडी चालवतोय. "म्हून पिवळा आणला व्हय? मला न्हाईत तीन वरसं?"
गाडी कडेला घेतली. इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. लहान पोरासारखा रडलो. तीच मला पाणी द्यायला लागली. म्हणाली, "किती हाईत ते मला बी म्हाईत न्हाई. पर तुमीच आधी ठरवून कशाला बसता?"
चुकलो.

३ जुलै
परत सारोळे. काळा आणला. मालक म्हणाला, पटलं का काका? म्हणलं, माझ्या पटण्याला कोण विचारतंय, मंडळी रागावल्यात. एकच रोप, करंगळीएवढं. पिवळ्याशेजारी अगदीच गरीब दिसतं. सु. नं बसून स्वतः शेणखत घातलं, मला हात लावू दिला नाही. अबोला. चहाही बिनसाखरेचा.

४ जुलै
सकाळच्या चहात साखर होती. मिटलं.

१५ ऑक्टोबर
सहाही केमो झाल्या, आज तपासणी. डॉक्टर, "सध्या ठीक." सु. ला 'सध्या' आवडलं नाही. मला आवडलं.
घरी येतो तर तात्या दारात, पिवळ्याकडं बघत. एक फुटवा मागितला, शोभा हाय म्हणे. सु. म्हणाली, "तिरडीचं सामान कशाला पायजे तुमाला?" पावसाळ्यात देते म्हणाली मात्र.

१७ एप्रिल
तपासणी. बारीक गाठ दिसते, वाढते का बघू, नोव्हेंबरात या. सु. चे केस बोटभर आलेत. आल्याबरोबर काळ्याला बादलीभर पाणी घातलं, मग चप्पल काढली.

५ ऑगस्ट
काळ्याला तीन नवे कोंब. तिन्ही हिरवे. गेल्या सालची काठीही हिरवीच. नर्सरीवाल्याला शिव्या घातल्या. सु. म्हणते, "आजून दुसराच पावसाळा हाय. तुमाला गाडी भरायच्या आधी गिअर टाकायची सवय." ती रोज सकाळी वाकून बघते. गुडघे दुखतात तरी. मी लांबून बघतो. काळा होऊ दे रे देवा, इतकंच.

२२ नोव्हेंबर
उद्या पुणे, गाठीचं कळेल. आज सकाळी सु. ची हाक. गेल्या सालच्या काठीला पेराच्या वर डाग, नखाएवढा, काळपट. मी म्हणलं, चिखल उडाला असेल. खांद्यावरचा टॉवेल ओला करून पुसायला गेलो, तिनं हात धरला.
"ऱ्हाऊ द्या. उद्या दवाखान्यातनं आल्यावर दोघं मिळून पुसू."
सहाला निघायचं. फाईल, पाण्याची बाटली, डबा. ओला टॉवेल तिथंच कुंपणावर टाकलाय.