नदीमित्र झालेले तुमचे बंधू

ती. हौसाताईंना टोकावड्याहून भाग्यश्रीचा वाकून नमस्कार. भाऊजींचा खोकला हटला का? फोनच केला असता, पण तुमचे बंधू सदा ओटीवर कान टवकारून. गावातला किशोर तुमच्या खर्डीला निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते.

ताई, तुमचे बंधू नदीमित्र झालेत. (लग्न झाल्यापासून तुळशीला तांब्याभर पाणी घातलेलं मी पाहिलं नाही.) आपलं खालचं भाताचं खाचर नदी दर पावसाळ्यात खात आली, तेव्हा हे ‘नदीपुढं कोनाचं चालतंय’ म्हणत तंबाखू मळायचे. मग मुंबईची एक संस्था आली, काठ वाचवायचा म्हणाली, सगळ्यांना हिरव्या टोप्या वाटल्या, आणि यांना नदीचा उमाळा आला. मंडळी दर रविवारी येतात. निम्मा वेळ फोटो, निम्मा वेळ पोहे. (पोहे कोण करतं, ते विचारू नका.) ढासळलेल्या काठाला उतार दिला, निर्गुडी, करंज, उंबर लावले. मी एकदा एक झाड सुचवायला गेले, तर म्हणाले, “तू मधी नको बोलू गो, ही इथली झाडं हायत.” मी मुरबाडची, म्हणजे काय परदेशातली?

रोपांवर राखण यांचीच. पहिल्याच दुपारी टोपी काठीला टांगून आंब्याखाली घोरले, आणि कुणाच्या तरी म्हशीने अर्धी रोपं फस्त केली. संध्याकाळी यांनी सभा भरवली. गुरं मोकाट सोडणाऱ्यांना, विशेषतः शेजारच्या चंदरला, असं काही झोडपलं की संस्थेच्या बाईसुद्धा खाली बघू लागल्या. चंदर गरीब, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, म्हस तुमचीच हाय. ती बघा, शिंगात तुमची टोपी.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांनीच रोपं पुन्हा लावली, भोवती काटेरी फांद्या रोवल्या. यंदा पूर चढला, उतरला, पण काठ जागच्या जागी. खाचर वाचलं, ताई. मी बांधावर कितीतरी वेळ नुसती उभी होते. संस्थेने सत्कार केला, शाल अर्थातच यांना मिळाली. गेले चार दिवस पांघरूनच जेवतात.

तुमची,
भाग्यश्री

ता. क. तुमच्या ओहोळाकाठचा वाळा मुळासकट खणून गोणीभर किशोरकडे द्या. त्याची मुळं माती धरतात, नदीच्या पुढच्या वळणाला लावायचाय.

आणखी एक. संस्थेने राखणीला आता माझं नाव घातलंय, हाताखाली तुमचे बंधू. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मोठ्या बहिणीपुढे ते तोंड उघडत नाहीत, तेव्हा रविवारी संस्थेची मंडळी यायच्या आत तुम्हीच येऊन सांगा.