अडतीस सेकंद

शेलूबाजार,
रविवार, ७ नोव्हेंबर १९७६

आदरणीय इंद्रभानकाका,
जयभीम.

आम्ही सर्व ठीक आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण ती कापूस वेचायला जातेच. मी अकोल्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये टेक्निशियन म्हणून कायम झाले. दर पंधरा दिवसांनी शनिवारी घरी येते. बस तुमच्या किन्हीराजाला थांबते तेव्हा मी खिडकीच्या आत सरकून बसते. हे तुम्हाला कळवायला नको होतं, पण आता लिहिलंच आहे तर राहू देते.

मागच्या महिन्यात मंगरूळपीरच्या स्टँडवर शेषरावकाका भेटले. ढोलकी आता घरात टांगून ठेवली आहे म्हणाले. तुमची खुशाली विचारली तर म्हणाले, "त्यानं लिवनं सोडलं, पोरी. वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. म्हने, आपलंच नाव आपल्या मानसाले जड झालं, तं लिवू कायले?"

मी पिशवी उचलली. बस लागली होती. पण त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं होतं.

आपल्या गायन पार्टीची, तुम्ही लिहिलेली ती दोन गाणी कशी रेकॉर्ड झाली ते तुम्हाला आठवत असेल. शाळेची खोली, भिंतींना वस्तीतल्या सगळ्या गोधड्या टांगलेल्या, रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून. पॉलिटेक्निकचं टेपचं मशीन मी सरांच्या सहीनं तीन दिवसांसाठी आणलं होतं. माइक बाबांच्या पेटीपासून चार फूट, तुमच्यापासून दीड. तुम्ही म्हणालात, "इंजिनीअरीनबाई, आता श्वास घेऊ का थांबू?" आणि बाबा इतके हसले की पहिला टेक वाया गेला. त्यानंतर पार्टी एकत्र गायली नाही, हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

मुंबईच्या कंपनीचं पत्र नंतर आलं. इंग्रजीत होतं, म्हणून ते माझ्याकडे हॉस्टेलवर पाठवलं होतं. एका बाजूला दोन गाणी, प्रत्येक गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांच्या आत. पहिलं बसत होतं. दुसरं, लेकीचं, तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांचं होतं.

काका, तुमच्या नावाचं ते शेवटचं कडवं बाबांनी कापलं नाही. मी कापलं. लॅबमध्ये, ब्लेडनं. अडतीस सेकंद म्हणजे सव्वासात मीटर टेप. कोणाला विचारलं नाही. तुम्हाला विचारायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

रेकॉर्ड आली त्या दिवशी विहारासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. मी मागे उभी होते. तिसऱ्या कडव्यानंतर सगळे सावरून बसले. तुमच्या नावाला ढोलकी थांबते, तसा शेषरावकाकांनी नुसताच हात वर धरला. लोक 'जयभीम' म्हणायच्या तयारीत. आणि सुई खरखरत आत गेली.

तुम्ही म्हणालात, "अजून हाय न?"

रेकॉर्ड तशीच फिरत राहिली. मग तुम्ही विचारलंत, "कोनं कापलं?" माझं तोंड उघडण्याआधी बाबा म्हणाले, "म्या सांगतलं कापाले. लंबं होत होतं."

"माहं नाव लंबं झालं काय रे पुंजा?"

एवढंच बोलून तुम्ही चपला घातल्या आणि रस्त्यावर जाऊन मालेगावच्या बसची वाट पाहत उभे राहिलात. बस पाऊण तासानं आली. त्या पाऊण तासात मी तिथवर येऊ शकत होते. अंतर दोनशे पावलांचं होतं.

घरी आल्यावर मी बाबांना म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते. ते म्हणाले, "चूप बैस. तो माह्यावर रागावला तं दोन मयन्यानं येईन. तुह्यावर रागावला तं त्याचं काळीज फाटन. तुह्या कालेजचा फारम त्यानं भरला." दोन महिन्यांची चार वर्षं झाली. बाबांचा अंदाज चुकला, आणि मला तो चुकलेला सोयीचा पडला.

आता कारण. टेपवर सफाईनं कापता येईल अशी शांतता फक्त शेवटच्या कडव्याआधी होती. हे खरं आहे, मोजून सांगते. पण दुसऱ्या कडव्यानंतरचं वाद्यांचं वाजणं कमी करूनही वेळ बसवता आला असता. एक दिवस जास्त लागला असता, इतकंच.

त्या कडव्यात तुमचं नाव होतं, आणि नावाच्या आधी मी होते. मातीच्या घरातली, कंदिलाशी अभ्यास करणारी, आईनं दुसऱ्याच्या शेतात निंदून शिकवलेली लेक. हॉस्टेलमध्ये मी सांगितलं होतं की माझे वडील कारकून आहेत. रेकॉर्ड तिथल्या मुलींनी ऐकली असती. म्हणून मी स्वतःला कापून काढलं. त्याला लागून तुम्ही होतात. तो तुकडा लॅबच्या टोपलीत टाकला. आता तो कुठेच नाही.

हे बाबांनाही कालपर्यंत माहीत नव्हतं. काल सांगितलं.

ते रोज संध्याकाळी पेटी काढतात आणि ते एकच कडवं म्हणतात. तुमचं नाव आलं की भाता दाबून थांबतात. चुलीपाशी बसलेली आई 'जयभीम' म्हणते, मग पुढे जातात. काल आई विहिरीवर होती. बाबा थांबले, ते थांबलेच. मी म्हटलं, 'जयभीम.' त्यांनी वळून पाहिलं आणि मी सगळं सांगितलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेटी बंद केली. म्हणाले, "कारकून काहून सांगतलं, हवालदार तरी सांगाचं." मग तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं पुसलं. नंतर एवढंच म्हणाले, "आता लिव त्याले. माह्याकून काई लिवू नको. तुह्याकून लिव."

म्हणून हे माझ्याकडूनच आहे. तुमचा राग चार वर्षं चुकीच्या घरी राहिला, तो तिथून काढून घ्या. माझ्यावर किती दिवस धरायचा ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही. पण वह्या माळ्यावरून खाली घ्या, काका. माझ्या भेकडपणापायी तुमचं लिहिणं बंद राहावं, एवढी मोठी मी नाही.

पुढच्या खेपेला बसमध्ये मी खिडकीशी बसेन.

मातीच्या घरातली,
वच्छला