अकरा नंबरची शेवटची कुपी

१२ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींना नमस्कार.

आज साडेआठला कामावर पोचलो. नायट्रोजनच्या टाकीची पातळी पाहिली, थोडी कमी होती, भरून घेतली. दुपारपर्यंत सहा जणांचं रक्त तपासलं. लिफ्ट पुन्हा बंद आहे, त्यामुळे तीन मजले जिन्यानं. संध्याकाळी घरी आलो, शर्ट इस्त्रीला दिले आणि हे लिहायला बसलो.

तुमचा गुडघा आता बरा आहे असं तुमची लेक फोनवर म्हणाली. ऐकून बरं वाटलं. माझी तब्येत ठीक आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण पिपेटमधला थेंब अजून बरोबर दिसतो.

दादा गेल्यानंतर तुम्हाला लिहायला मला आठ महिने लागले. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. दादा म्हणायचा, "याच्या हातात फोन दिला की फोनलाच वाटतं, आपण बंद पडलो."

तुमची एक परवानगी हवी आहे. त्यासाठी आधी थोडं कामाचं सांगावं लागेल. कंटाळू नका.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर बारीक खुंट्या असतात. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. बाहेरची खबर या खुंट्यांना अडकते आणि कोणावर चालून जायचं ते पेशीला कळतं. या खुंट्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून आम्ही मुद्दाम घडवलेली लहान प्रथिनं वापरतो. एकच खुंटी ओळखून तिलाच चिकटेल असं प्रथिन घडवायचं, त्याला चमकणारा रंग लावायचा, आणि लेझरच्या यंत्रातून एकेक पेशी सोडायची. चिकटलं तर पडद्यावरचे ठिपके उजवीकडे सरकतात, नाही तर डावीकडेच राहतात. सव्वीस वर्षं मी हे काम करतो आहे, आणि चांगलं करतो.

दादा नऊ वर्षं आमच्याकडे रक्त द्यायचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. दर दोन महिन्यांनी लिफ्ट दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी घेऊनच यायचा आणि बाही वर करायचा. "लहानपणी डोकं खाल्लंस, आता रक्त पी," असं दर वेळी. एकच विनोद नऊ वर्षं. नर्सबाई तरीही हसायच्या.

आमच्या नोंदींत तो अकरा नंबर. त्याच्या पेशी वेगळ्या काढून आम्ही कुपीत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवायचो. विकत मिळणारं जुनं प्रतिपिंड, म्हणजे असंच खुंटीला चिकटणारं प्रथिन, त्यांना इतकं छान चिकटायचं की मी एक नियमच करून टाकला: नवीन प्रथिन आलं की आधी अकरा नंबरवर लावायचं. तिथं चाललं तरच पुढे इतरांच्या रक्तावर. नियम माझा होता. कोणी सांगितलेला नव्हता.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती. भरभर चालायची, भरभर बोलायची, दारं आपटायची. मी तिला घाईबाई म्हणायचो. तिनं दीड वर्ष खपून एका खुंटीसाठी नवं प्रथिन घडवलं. मी ते अकरा नंबरवर लावलं. चिकटलं नाही. तिनं पुन्हा बनवलं, पुन्हा तेच. मी मॅडमना, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांना, सांगितलं की प्रथिन बिघडलेलं आहे, मुलीच्या हाताला घाई आहे. दोन्ही वेळचं प्रथिन मी स्वतः फेकून दिलं. ती वाद घालत होती. "सर, दुसऱ्या कोणाच्या रक्तावर तरी एकदा लावून बघा ना!" मी म्हणालो, "पहिली पायरी चुकली की जिना चढायचा नसतो." ती विषय सोडून गेली. आता कुठल्याशा कॉलेजात शिकवते.

दादा गेल्यावर नवे रक्तदाते घ्यावे लागले. ऑगस्टमध्ये फ्रीजर साफ करताना घाईबाईच्या प्रथिनाची, फेकायची राहून गेलेली एक नळी मागच्या कोपऱ्यात सापडली. सहज नव्या रक्तावर लावून पाहिली. वहिनी, पडद्यावरचे सगळे ठिपके उजवीकडे गेले. दुसऱ्याच्या रक्तावर लावलं, तिसऱ्याच्या रक्तावर लावलं. तेच.

याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तिनं तेव्हा मला दिलेलं खरंच बिघडलेलं होतं आणि ही एकच नळी चांगली निघाली. दुसरा, तिचं प्रथिन पहिल्यापासून बरोबर होतं आणि दादाची खुंटीच इतरांपेक्षा जरा वेगळ्या घडणीची होती. काही माणसांची असते. त्यात आजार काही नसतो.

कुठलं खरं, ते ठरवायला तीच नळी दादाच्या जिवंत पेशींवर लावून पाहावी लागेल.

दादा गेला त्या आठवड्यात तुम्ही त्याचं कपाट आवरत होतात. मला विचारलंत, "भाऊजी, यांचं काही तुमच्याकडे राहिलंय का?" मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. तिसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "जा, बाटल्या वाट बघत असतील." तुम्ही रागानं बोललात, पण मी खरोखर तेच बघायला गेलो होतो. टाकीत अकरा नंबरची एकच कुपी उरली होती. बोटाच्या पेराएवढी. मी जास्त साठवल्याच नव्हत्या. दादा आहेच की, असं वाटायचं.

त्या कुपीतल्या पेशी गोठलेल्या असल्या तरी मेलेल्या नाहीत. त्यामुळे ती माझ्याच्यानं उघडवली नाही. ऑगस्टपासून मला हा प्रयोग कळतो आहे आणि मी तो करत नाही. मागच्या आठवड्यात घाईबाईचं पत्र आलं. अनुभवाचा दाखला हवा आहे, आणि खाली एक ओळ आहे: "सर, माझं काय चुकलं होतं ते नंतर कधी कळलं का?"

मॅडम म्हणाल्या, संमतीच्या फॉर्मवर दादाची सही आहे, कोणाला विचारायची गरज नाही. मला आहे. कुपी एकदा उघडली की संपली. तुम्ही नको म्हणालात तर मी ती तशीच ठेवीन आणि त्या मुलीला माझ्याकडून काय झालं ते तरी लिहीन, पण ते पुराव्याशिवाय असेल.

उत्तराची वाट पाहतो. रागावलात तरी कळवा.

तुमचा,
भाऊजी


६ मार्च, गुरुवार

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. चार वेळा वाचलं. "आठ महिने बाटली उराशी धरून बसलात आणि माझ्याशी खोटं बोललात, याचं भांडण समोर आलात की होईल," असं तुम्ही लिहिलंत. मान्य आहे. येतो. "तुमच्या दादांनी आयुष्यात नव्या माणसाला पटकन जवळ केलंय का? माझ्याशी धड बोलायला सहा महिने लावले. त्यांच्या पेशी तरी कशा चिकटू देतील!" हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारी दारात येऊन बघून गेले.

आणि शेवटी तुम्ही लिहिलंत: "उघडा. पण दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. आणि काय दिसलं ते मला कळेल असं लिहा." तसंच करतो.

आज सकाळी दहाला कुपी काढली. सदतीस अंशांच्या पाण्यात धरली, म्हणजे अंगाएवढ्या कोमट. दीड मिनिट लागतं. तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढायची, त्यापेक्षा जास्त नाही. मग कोमट द्रव थेंबाथेंबानं सोडायचा. एकही थेंब सांडला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही; सांडला असता तर तुमचा विश्वास वाया गेला असता.

पेशी मोजल्या. शंभरातल्या ब्याऐंशी जिवंत होत्या. पाच वर्षं गोठलेल्यांसाठी हे उत्तम आहे.

तीन नळ्या लावल्या. एका नव्या माणसाच्या पेशी आणि घाईबाईचं प्रथिन: ठिपके उजवीकडे. दादाच्या पेशी आणि जुनं प्रतिपिंड: ठिपके उजवीकडे, म्हणजे खुंटी जागेवर आहे. दादाच्या पेशी आणि घाईबाईचं प्रथिन: एकही ठिपका हलला नाही. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा करा." पुन्हा केलं. तेच.

मुलीचं प्रथिन पहिल्यापासून बरोबर होतं. नुसतं बरोबर नाही, इतकं बारीक की खुंटीच्या घडणीतला फरक त्याला कळतो. तसलं प्रथिन आम्हाला हवंच होतं, आणि मी ते दोनदा फेकून दिलं. खुंटीचा तो फरक नेमका कुठं आहे, ते आता अशीच खुंटी असलेला दुसरा रक्तदाता मिळाला की त्याच्या जनुकावरून वाचून घेऊ.

मी त्या मुलीला तिथूनच फोन केला. होय, मी. म्हटलं, "तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मी एकाच माणसाच्या रक्तावर विसंबलो, कारण तो माझा भाऊ होता."

ती मग म्हणाली, "सर, तुम्ही मला घाईबाई म्हणायचात."

"हो."

"चार वर्षं मी नळीला हात लावताना स्वतःला सांगते, हळू, हळू." मग म्हणाली, "बरं. यावर जो लेख लिहाल त्यात माझं नाव पहिलं हवं. आणि मी येऊन बघणार. सोमवारीच."

"सोमवारीच?"

"मग? अजून चार वर्षं थांबू का?"

मॅडमनी मान डोलावली. नाव पहिलं तिचंच राहील.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. प्रयोगानंतर उरलेल्या पेशी परत गोठवता येत नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या आपोआप गेल्या असत्या. मी तशा सोडल्या नाहीत. तीन वाजता मीच त्यात जंतुनाशक ओतलं, दहा मिनिटं बाजूला उभा राहिलो आणि नळी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. वहीत अकरा नंबरसमोर "संपली" असं लिहून सही केली. तुमच्या प्रश्नाला तेव्हा दिलेलं उत्तर आता खरं झालं आहे. दादाचं माझ्याकडे काही राहिलेलं नाही.

मग हातमोजे काढले, हात कोपरापर्यंत धुतले. सगळे जेवून गेले होते. खिडकीजवळच्या टेबलावर डबा उघडला, भाजी गार झाली होती, सगळा संपवला आणि घासून ठेवला.

तुमचा दीर, आणि दादाचा भाऊ