कडेगावच्या दुकानाची पायरी चढण्याबाबत

मी, भरतेश धनपाल मगदूम, वय ५४, धंदा गाड्यांना साउंड बसवणे, राहणार कुंडल, ता. पलूस, जि. सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणी भरीस न घालता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी गुणमाला हिला. माझ्याच धंद्यातल्या वीरधवल घोरपडे, कडेगाव, याच्या गाडीत ती एकदा बसून आली आणि म्हणाली, "आवाज कसा मऊ येतोय. आपल्याकडं नुसता आदळतोय." तरीही घर तिलाच.

२. वीरधवलला काहीही नाही. त्याच्याकडे सगळे आहे. कामाशिवाय कडेगावला जाऊन मी त्याच्या दारातल्या गाड्या मोजल्या आहेत. एका गुरुवारी अकरा. त्या दिवशी माझ्या दारात एक ट्रॅक्टर थांबला, तोही पत्ता विचारायला.

३. दुकान, मीटर आणि सगळी हत्यारे कन्या ब्राह्मी हिला. अट एकच: तिने वीरधवलच्या दुकानाची पायरी चढू नये. ती त्याच्या हाताखाली दोन वर्षे काम शिकायचे म्हणते. अट ऐकून म्हणाली, "आप्पा, तुमी दुकान देताय का कुलूप?"

४. वकील म्हणाले, अटीला कारण लिहा. लिहायला बसलो आणि पुढचा मजकूर निघाला.

सहा वर्षांपूर्वी फौजी मानसिंगच्या बहिणीच्या वरातीची जीप माझ्याकडे होती. अँप्लिफायर चार ओहमच्या खाली न चालणारा. एक स्पीकर चार ओहमचा. जोडीचा मिळेना म्हणून दुसरा दोनचा घेतला आणि दोन्ही पॅरललला जोडले. हिशेब उतरला सव्वा ओहमच्या आसपास. ओहम जितके कमी, तितका अँप्लिफायर जास्त ओढला जातो, हे मीच वीस वर्षे लोकांना शिकवत होतो. वरात निम्म्यात आली आणि मानसिंग ओरडला, "आवं अण्णा, धूर निघतोय की!"

वऱ्हाडात वीरधवल होता. त्याने स्वतःच्या गाडीतला अँप्लिफायर काढून आणला आणि स्पीकर सिरीजला घेतले. चार आणि दोन सहा झाले, वरात हलली. वायर पिळताना माझ्या कानाशी म्हणाला, "अण्णा, चाराचा न् दोनाचा पॅरललला जोडलासा. अँप काय करंल बिचारा?" आणि लोकांना मोठ्याने सांगितले, "अँपच खराब निघाला रं. अण्णांची चूक न्हाई."

तेच मी आजवर सांगत आलो. त्याने कधी खोडले नाही. त्याच्या अकरा गाड्यांपेक्षा मला हे जास्त सलते.

सबब, सांगण्यासारखे कारण नसल्याने अट रद्द. ब्राह्मीने खुशाल जावे. घरी येऊन त्याचे कौतुक करू नये, ही अट नाही, विनंती आहे.

५. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त माझी सही होताना पाहायची असते, अशी खात्री वकिलांकडून करून घेतली. म्हणूनच दुसऱ्या साक्षीदाराला बोलावण्याचे धाडस केले. पेनचे टोपण काढत त्याने विचारले, "अण्णा, माझ्याबद्दल काय लिव्हलंय काय?"

मी म्हणालो, "मी मेल्यावर कळंल."

"मग लय वर्षं न कळू दे," म्हणाला.

इथेही तोच पुढे गेला, याची नोंद सहीपूर्वी माझ्या हाताने केली आहे.

लिहून ठेवणार: भरतेश धनपाल मगदूम (सही)

साक्षीदार:
१. लालासाहेब कोंडीबा लाड, रा. कुंडल (सही)
२. वीरधवल घोरपडे, रा. कडेगाव (सही)

ठिकाण: कुंडल
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५