पोचा आलेला तांब्या

माय, सगळ्यात आधी कोण टपकली असेल तर समोरची मास्तरीण. हातात रिकामी वाटी, म्हणे जरा विरजण द्या. घरी रोज दोन लिटर दूध घेते आणि विरजण माझ्याकडं मागते. खरं म्हणजे तिला बघायचं होतं, दवाखान्याच्या बाया आमच्या नातीचं काय मोजणार ते. मी म्हटलं बस, आणि ती बसलीच. देवपुरात असंच आहे, आपल्या दोंडाईच्याकडं निदान दारातून विचारायचे.

नात आता नऊ वर्षांची. मोठ्याची पोर. जन्मताना श्वास अडकला, मेंदूला मार बसला, तेव्हापासून दोन्ही हात आखडलेले, डावा जास्त. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. तुझ्या वेळी त्याला नाव नव्हतं, तू देवाचं देणं म्हणायचीस. पण पोर बोलायला अशी की मास्तरणीला गप्प करते. मला तिचा फार आनंद आहे माय, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल म्हातारी रडतेय.

मग दवाखान्याच्या त्या दोघी आल्या. भाजीवाल्याकडं असतं तसं प्लास्टिकचं क्रेट आणि वाळूच्या छोट्या पिशव्या घेऊन. पाटावरचं क्रेट दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवायचं. जमलं की एक पिशवी वाढवायची. मी म्हटलं, "तिची मूठ बघा ना, केवढी घट्ट आहे." चष्म्याच्या मॅडम म्हणाल्या, "आजी, घट्ट आहे म्हणजे जोर आहे असं नसतं. रोजच्या कामात ती स्वतः किती उचलते ते बघायचंय."

ते ऐकलं आणि मला आपली धाकली दिसली, माझी पाठची बहीण. तिथंच, पाटाशी उभी. तिचेही हात असेच आत वळलेले. ती तापात गेली त्या सकाळी तू तिच्या मुठी उघडत होतीस आणि त्या उघडत नव्हत्या. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, केवढा जोर आहे बघ तिला. इतकी वर्षं तेच धरून बसले होते. तर तो जोर नव्हताच म्हणे.

चौथ्या पिशवीला नातीचं कोपर थरथरायला लागलं. मास्तरीण टक लावून बघतेय. मी फ्रॉकचा बंद बांधायच्या मिषानं जवळ गेले आणि क्रेटखाली दोन बोटं लावली. क्रेट गेलं वर. मास्तरीण म्हणाली, "दम आहे हो पोरीत." मी अशी फुगले. आणि ही म्हणते, "आजी, बोटं काढ ना तुझी. माझं किती ते कळणारच नाही."

मॅडमनी लिहिलेला आकडा खोडला. "ही परीक्षा नाही आजी, इथं कुणी नापास होत नाही. चुकीचा आकडा धरून व्यायाम दिला तर हात दुखावेल तिचा." रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तोवर पोर दमली होती. दमलेल्या हाताचं मोजत नाहीत, म्हणून पुन्हा येणार म्हणाल्या. मास्तरीण विरजण न घेताच गेली.

त्या गेल्यावर मी मोरीत भांडी घासायला बसले. तू माझ्या लग्नात दिलेला आपल्या घरचा पितळी तांब्या हातात आला. त्याचा पोचा अंगठ्याला लागला की मला तुझा आवाज येतो, आजही आला. "कोनी पाडा वं तांब्या?" आणि माझा, आठ वर्षांच्या पोरीचा, "तिनीच वढा." तू धाकलीकडं बघून म्हणालीस, "इन्हा हातमा आते काही देवानं नई." आणि खरंच तिच्या हातात पुन्हा काही दिलं नाहीस. घास तू भरवायचीस, पाणी तू पाजायचीस, आल्यागेल्यासमोर तिचे हात पदराखाली झाकायचीस. तिनं काही धरलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. तुझी माया होती ती, मी कुठं नाही म्हणते. पण तू ते माझ्या शब्दावर केलंस.

तिनं ओढला नव्हता, माय. मी भरून दिला होता, काठोकाठ. तू शेतात होतीस. तिनं दोन्ही मनगटांत दाबून धरला आणि माठापासून उंबऱ्यापर्यंत नेला. एकटीनं. पाणीसुद्धा फार सांडलं नाही. मी आनंदानं ओरडले, ती दचकली आणि तो पडला. मार चुकवायला मी खोटं बोलले. तिला किती जमत होतं हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि तू ते न कळता गेलीस.

हे कागद नातीच्या जुन्या वहीतले आहेत. घडी करून तांब्यात ठेवते, तुला पाठवायचा दुसरा पत्ता मला माहीत नाही. त्या परत यायच्या दिवशी मात्र काढावे लागतील, कारण मॅडमनी पोरीनं उचलायला घरातलंच एक भांडं तयार ठेवायला सांगितलंय. मी लांब, दारापाशी बसणार आहे. ओरडणार नाही. गुरुवारी येतो म्हणाल्यात, सकाळी दहाला.