न ऐकता म्हटलेलं व्हय

बाबा, तुझं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आत्ताही पटत नाही. आम्हाला एक सांगायचं आणि स्वतः दुसरंच करायचं. मी आठवीत होतो. जत्रेच्या दिवशी देवळात गाऱ्हाणं तू घालत होतास. हातात नारळ, मागे अख्खा गाव उभा, आणि तू देवाला एकेक सांगतोयस, गुरांना सांभाळ, दर्यावर गेलेल्यांना सांभाळ, मुंबईत नोकरीला असलेल्यांना सांभाळ. तुझं एकेक मागणं संपलं की सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. मी मागे पोरांशी बोलत होतो. तुझं वाक्य अर्धं असतानाच मी एकटाच मोठ्याने ओरडलो, व्हय म्हाराजा! तू थांबलास. नारळ तसाच हातात धरून मागे वळलास आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "रे, मी काय मागतंय ता तरी आयकलंस? उद्या मी म्हटलंय, देवा, ह्या पोराक घेवन जा, तरी तू व्हय म्हणतलंस?" शेजारचे आजोबा म्हणाले, "बरा जाला, एक खाणारो कमी." सगळं देऊळ हसलं. तू हसला नाहीस. घरी येईपर्यंत एवढंच बोललास, "आयकल्याबिगर व्हय म्हणा नको. कोणाकच."

आणि पुढच्याच हंगामात काय झालं? नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या, बंदरावरचा बर्फाचा कारखाना चालू झाला, आणि तू कट्टा गावाहून सकाळच्या एसटीने कामावर जायला लागलास. एके दिवशी मी तुझा डबा घेऊन तिथे आलो होतो. अमोनियाचा पाइप फुटला होता. वास असा, की रस्त्यावरची माणसंसुद्धा डोळे चोळत पळत होती. तू ओला पंचा तोंडाला बांधून आत गेलास आणि व्हॉल्व बंद केलास. बाहेर आलास तेव्हा तुझे डोळे लाल झाले होते आणि तू भिंतीला धरून ओकत होतास. आतल्या दोघा कामगारांना उचलून दवाखान्यात नेलं. तो पाइप गंजलाय हे तू घरी जेवताना किती वेळा बोलला होतास. दोन दिवसांनी ओरोसच्या सरकारी कचेरीतून चौकशीला साहेब आला जीपने. कारखान्याचा शेट बाजूलाच खुर्ची टाकून बसलेला. साहेबाने विचारलं, काय झालं होतं? आणि तू म्हणालास, "काही नाही झालं साहेब. थोडासा वास सुटला होता. पाइप चांगला आहे." तू शुद्ध बोलायला लागलास ना, तेव्हाच मला कळलं की तू खोटं बोलतोयस.

आईने त्या दिवशी चुलीपुढून मान वर न करता तुला ऐकवलं. "सगळ्या गावासाठी देवाक सांगणां करतास, आणि शेटीच्या म्होरां जीब खंय गेली?" तू म्हणालास, "गप रव गो. चार घरां त्या बर्फावर जगतत." आई म्हणाली, "आणि पाचव्या आपल्या घराचा काय?" तू भात कालवत राहिलास. खोकला तेव्हापासून लागला तो गेला नाही. दोन वर्षांनी तूच गेलास. याला बारा वर्षं झाली, आणि एवढी वर्षं मी मनातल्या मनात तुझ्याशी हेच भांडण भांडतोय, की तू साहेबाला खरं का नाही सांगितलंस. आता हे लिहायला बसलोय कारण तेच मी पण केलं.

तू गेल्यावर मी अकरावीतच शिक्षण सोडलं, ते तुला ठाऊक नाही. एका जागी मन लागत नाही माझं. कट्ट्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतो, मग गोव्यात हॉटेलात, मग पुण्याच्या बाजूला, आणि आता गुजरातेत. इथे मोटारींचे भाग बनवणारा मोठा कारखाना आहे. मी प्रेसवर असतो. प्रेस म्हणजे वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो आणि पत्रा दाबून त्याचा भाग तयार होतो. दिवसभर धप, धप, धप. सकाळी कामाला लागण्याआधी सुपरवायझर सगळ्यांना रांगेत उभं करून सुरक्षेची शपथ वाचतो, हिंदीत. बूट घालेन, हेल्मेट घालेन, मशीनच्या आत हात घालणार नाही. एकेक ओळ तो वाचतो आणि आम्ही म्हणायचं, हां जी. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "व्हय म्हाराजा!" सवयच ना. सगळी लाइन हसली. सुपरवायझर पण हसला. तेव्हापासून सगळ्यांनी तेच धरलं, बिहारचे, ओडिशाचे, सगळे सकाळी एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणायचे, आणि माझं नावच म्हाराजा पडलं. शपथेत काय आहे ते कोण ऐकत होतं? मी तर नाहीच.

प्रेसला पुढे सेन्सर असतो. लाल किरणांचा पडदा म्हण. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण चुकून बाही आडवी आली तरी थांबतं, आणि मग माल कमी निघतो. म्हणून त्याला झोपवायचं. "सुला दे" असंच म्हणतात इथे. मला वायरींचं कळतं, म्हणून सुपरवायझरने ते काम माझ्याकडे दिलेलं. पॅनेल उघडायचं, एक वायर इकडची तिकडे लावायची, दोन मिनिटांचं काम. किरण दिसतात, पण मशीनला ते दिसत नाहीत. गेटजवळ दंडाचा फळा आहे. हेल्मेट नसेल तर एवढे, बूट नसतील तर एवढे, मोबाईल सापडला तर एवढे. माझे पैसे मोबाईलपायी दोनदा कापले गेलेत. सेन्सर झोपवला तर किती, ते त्या फळ्यावर नाही.

माझ्या शेजारच्या प्रेसवर बिहारचा एक माणूस होता, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. पन्नाशीचा. मला कधी डबा नसला तर न विचारता अर्धी रोटी पुढे करायचा. त्याच्या मशीनचा सेन्सर पण मीच झोपवलेला. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी त्याच्याकडे एक तुकडा अडकला आणि तो काढायला त्याने हात घातला. बाबा, आवाज नेहमीसारखाच आला. धप. म्हणून मी बघितलंसुद्धा नाही. पुढचा पत्रा लावला. मग लक्षात आलं की बाजूचं मशीन पुन्हा वाजत नाहीये. वळून बघितलं तर चाचा उभा, तोंड उघडं, आवाज नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली. आता मला तीच भीती बसलीय. आवाज नेहमीसारखाच असतो. माझ्या वेळीही तसाच येणार. पत्रा ठेवून हात मागे घेतला की मी बोटं मोजतो. रोज, प्रत्येक पत्र्याला. शेजारचे हसतात, "म्हाराजा, गिनती आती है ना?"

चाचाला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी सुपरवायझरने मला पॅनेलकडे पिटाळलं आणि वायर परत जागेवर लावून घेतली. दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद. सुपरवायझरने हिंदीत वाचायला सुरुवात केली आणि ओळ संपली की माझ्याकडे बघायचा. मशीन चांगल्या हालतीत होतं. हां जी. शपथ रोज घेतली जाते. हां जी. कामगाराने सेन्सर स्वतःच बंद केला होता. हां जी. तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय म्हटलं. थांबायला हवं होतं ना? पुढची ओळ आली, त्याला तीन वेळा समजावलं होतं, आणि मी परत म्हटलं, हां जी. मग सही केली. तिथे बसलेल्या मॅनेजरने पाणी दिलं प्यायला. थंड होतं. ते पाणी पिताना मला तुझी, त्या शेटीची आणि जीपवाल्या साहेबाची आठवण आली आणि तुझा एवढा राग आला, एवढा राग आला, की ग्लास अर्धाच पिऊन खाली ठेवला. तुझा का आला, ते विचारू नको.

सरकारी साहेब एकदा येऊन गेला. कंपनीला दंड झाला म्हणतात, किती ते आम्हाला कोण सांगतंय. पण कागदावर चूक चाचाची, म्हणून त्याला भरपाई नाही. त्याच्या बायकोने गावाहून येऊन कामगारांच्या सरकारी कचेरीत अर्ज दिला, आणि पुन्हा चौकशी लागली. या वेळी एकेकाला वेगळं बसवून विचारणार म्हणाले. सुपरवायझरने मला आपल्या गावाकडच्या नांदगाव स्टेशनचं तिकीट काढून दिलं, पंधरा दिवसांची भरपगारी सुट्टी दिली आणि खांद्यावर हात ठेवला. "जा म्हाराजा, गांव जा के आम-वाम खा. साहब के जाने के बाद आना." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पिशवी भरली. गाडी दुपारची होती. जाता जाता चाचाला भेटावं म्हणून त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको त्याला भरवत होती. मला बघून चाचा हसला. "अरे म्हाराजा! गांव चले? मछली खूब मिलेगी अब." बायको हसली नाही. म्हणाली, "साहब लोग बोलते हैं इन्होंने खुद बंद किया. सबने हां बोला है." मग माझ्याकडे बघून विचारलं, "सबने माने कौन, भैया?" मी पिशवीचा बंद धरून उभा. चाचाने मान खाली घातली. वायर कोणी लावली ते त्याला ठाऊक होतंच, सही कोणी केली ते नव्हतं. मी म्हटलं, मैंने. ती ओरडेल वाटलं होतं. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "तो अब ना बोल दो." जसं काही बोलून गेलेलं परत घ्यायला काही लागतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या कचेरीत गेलो. वहीच्या दोन पानांवर मला येईल तशा हिंदीत लिहून नेलं होतं. साहेबाने वाचलं, चष्मा काढला. म्हणाला, "वायर तूने लगाई?" मी म्हटलं, मीच लावली, मला लावायला सांगत होते. "ये तेरे ऊपर भी आ सकता है, समझा?" समझा, म्हटलं. त्याने कागदावर शिक्का मारला. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो.

याला तीन दिवस झाले. काल गेटवर माझं कार्ड चाललं नाही. सुपरवायझरचे अकरा फोन आलेत, मी उचलले नाहीत. खोली कंपनीच्या माणसाने मिळवून दिलेली, म्हणून दारात कोणाचं पाऊल वाजलं की माझ्या छातीत धप होतं. इथे माझं कोण आहे? मारतील, की पोलिसात देतील, की नुसतंच हाकलतील, काही कळत नाही. तू का गप्प बसलास ते आता कळतंय, बाबा. शेट समोर बसलेला, घरी चार तोंडं. कळतंय, पटत नाही. भांडण मिटलं असं समजू नको. पण तू असतास तर आज फोन केला असता आणि विचारलं असतं, तुका पण असाच भ्यां वाटला होता काय रे?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवशील म्हणावं तर तूही नाहीस. तिला मी काहीच सांगितलं नाही. मशीन बिघडलंय, काम कमी आहे, एवढंच म्हटलं. आणि तुलाही एक गोष्ट वर खरी सांगितली नाही. चाचाच्या खोलीतून निघून मी लिहायला बसलो नव्हतो. मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी दीड तास उशिरा होती, तेवढ्यात मी परत फिरलो. वेळेवर आली असती तर मी चढलो असतो. नेहमी आईला नऊ हजार पाठवतो. आज पाठवतोय दोन हजार सातशे.