सरांचा नवीन पासवर्ड

१२ मार्च
शाळेच्या ऑफिसात पाय ठेवत नाई तं मेश्रामबाई दारात. "वंदना, हजेरी उघडून दे ना वं, पासवर्ड गेला." कुठी गेला? माकडानं नेला? रोजचं आहे. नवीन करून दिला, बाईच्या बैलाचं नाव टाकलं. बैलाचं नाव कोणी विसरत नाई. साऱ्या मास्तरांचे बैल मले पाठ आहेत आता.

१५ मार्च
बदलीचा अर्ज भरला. कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा वरोऱ्याले रिकामी आहे. माझी परी तिथी, तिच्या बाबाजवळ. काल फोनवर मले "तुम्ही" म्हणाली. स्वतःच्या आईले! लय रडली मी. अर्ज हेडसरांच्या लॉगिनमधी गेला. त्यांनी 'मंजूर' दाबलं का सुटली.

१९ मार्च
सर म्हणे, "पाहू." मग म्हणे, "तुम्ही गेल्यावर पासवर्ड कोण करून देईल, वंदनाबाई?" कोणाले तरी शिकवते म्हटलं. "मोहाची फुलं वेचायच्या दिवसात कोण शिकते?" हुशारी नडली. दुसरं काय.

२२ मार्च
आज सरांचाच गेला! ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, रेंज पाण्याच्या टाकीजवळ. त्यांचा मोबाईल घेऊन मीच धावली, मीच परत आली. सर नागपूरचे, बैल कुठून आणू? म्हटलं, कधी विसरणार नाई असं काही सांगा. हासले. "तुमचंच नाव टाका. पुढं एक दोन तीन. तुम्ही कुठं चालल्या?"
टाकलं. माझ्याच हातानं. संताप संताप झाला.

२८ मार्च
सर रजेवर. मंजुरीची मुदत उद्या संपते. फोन केला तं "आल्यावर पाहू ना." आल्यावर काय पाहता, माझं तोंड? परीचे बाबा म्हणते, "तूच दाबून टाक, तुले तं माहीत आहे." त्यायचं काय जाते! पकडली तं नोकरीच जाईल. नाई दाबलं तं...

२९ मार्च
शाळेत कोणी नाई, सारे मोहावर. सरांचं लॉगिन उघडलं. माझं नाव टाकलं. एक. दोन.
"वंदना, उघडून दे ना वं." मेश्रामबाई. हात मोहानं चिकट.
"बैलाचं नाव विसरल्या का, बाई?"
"विसरली नाई वं. परवा विकला त्याले. आता नाव लिहवत नाई. दुसरं काही टाकून दे."
बसा म्हटलं, बाई. बसल्या. माझ्याकडंच पाहून राह्यल्या. माझं बोट तीनवर.